चंद्राएवढी लोकल

पौर्णिमेच्या रात्री हात लांब करून करंगळी चंद्रासमोर धरा. चंद्र तिच्यामागे सहज लपतो. आता कल्पना करा, कळवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये कुणी रुळांपाशी उभा आहे आणि समोरून लोकल येते आहे. ती अजून ४०० मीटरवर आहे. त्याला ती केवढी दिसत असेल?

चंद्राएवढी. लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद असतो. ४०० मीटरवरून ही रुंदी डोळ्यात जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करते. पूर्ण चंद्राचाही कोन साधारण तेवढाच. शेकडो टनांचं लोखंड, आत काही हजार माणसं, आणि डोळ्याच्या हिशेबी सगळा मामला करंगळीआड जाणारा!

गाडी ताशी १०० किलोमीटरने येतेय असं धरू. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. एक सेकंद गेला, गाडी ३७२ मीटरवर आली. आता ती केवढी दिसते? पहिल्यापेक्षा किंचित मोठी. त्या चंद्राच्या रुंदीत दहाव्या हिश्श्याचीही भर पडलेली नाही. इतका बारीक फरक डोळ्याला जाणवत नाही, त्यामुळे मेंदूला गाडी जवळपास जागेवर उभी असल्यासारखीच वाटते. पुढचे दहा-बारा सेकंद ती हळूहळू फुगत जाते. मग ५० मीटरवर ती आठ चंद्रांएवढी होते. आणि त्यापुढच्या एकाच सेकंदात अठरा चंद्रांएवढी! त्यानंतर पुरता एक सेकंदही उरत नाही.

गाडीचा वेग या सगळ्या वेळात तसूभरही बदललेला नाही. बदललं ते फक्त डोळ्यातलं चित्र, आणि तेही अगदी शेवटच्या क्षणी, एकदम. ‘गाडी अचानक अंगावर आली’ असं वाचलेली माणसं सांगतात ना, ते अक्षरशः खरं सांगत असतात. त्यांच्या डोळ्यापुरती ती अचानकच आलेली असते.

यावर आणखी एक कडी आहे. हर्शेल लीबोवित्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. विमानतळाजवळ उभं राहून पाहिलं तर प्रचंड विमान तरंगत, आळसावत उतरतंय असं वाटतं आणि छोटं विमान मात्र झपकन उतरतं. खरा वेग मोठ्याचा कमी नसतो, तरीही. वस्तू जितकी अजस्र तितकी ती संथ भासते. लीबोवित्झ म्हणाले, रेल्वे फाटकांवर माणसं चुकतात ती यामुळे. पुढे २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना पडद्यावर एकदा येणारी मोटार दाखवली, एकदा येणारी आगगाडी. दोन्हींचा वेग सारखा ठेवला तरी आगगाडीचा वेग लोकांनी कमी धरला.

म्हणजे बघा, रूळ ओलांडणारा माणूस निष्काळजी असेलही, पण तो आंधळा नसतो. तो मान वळवून बघतो. गाडी दिसते. ‘अजून लांब आहे, निघून जाऊ’ असा हिशेब तो खरोखर करतो. त्या हिशेबाला लागणारा वेगाचा आकडाच डोळा चुकीचा पुरवतो.

आता या माणसासमोर आपण कायदा उभा करू.

रेल्वे कायदा १९८९चा. त्यातलं कलम १४७ सांगतं की परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम १५६ टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर बसून जाणाऱ्यांसाठी: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही कल्पना नवी नाही. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, १ मे १८५४ला रूळ कल्याणला पोचले, आणि त्याच १८५४ साली रेल्वेचा पहिला कायदाही आला. रुळांवर शिरणाऱ्याला शिक्षा करण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ रुळांइतकीच जुनी आहे.

आणि परिणाम? डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ साली अहवाल दिला. देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसं रुळांवर मरतात आणि त्यातली ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असा त्या समितीचा अंदाज होता. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक जनहित याचिका आली, त्यात २०२३चा आकडा होता २,५९०. दिवसाला सात. रोज सात माणसं एका ठिकाणी एका वेळी गेली असती, तर देश हादरला असता. ती वेगवेगळ्या स्टेशनांच्या हद्दीत, वेगवेगळ्या वेळी जातात, म्हणून ती लोहमार्ग पोलिसांच्या नोंदवहीत जातात: रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांब लागून, प्लॅटफॉर्मच्या फटीत सापडून.

मग शिक्षा वाढवावी का? सहा महिन्यांऐवजी सहा वर्षं? हजारऐवजी लाख?

हा प्रयोग करून झालेला आहे, तोही टोकापर्यंत. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. शिलिंगाहून जास्त किमतीची वस्तू खिशातून उडवली तरी फास. आणि तरीही फाशी बघायला जमलेल्या गर्दीत खिसेकापू हात साफ करून घेत, असं त्या काळाबद्दल आवर्जून सांगितलं जातं. १८०८ मध्ये खिसेकापूंची फाशी रद्द झाली. त्याच्या किती तरी आधी, १७६४ साली, चेझारे बेक्कारिया या इटालियन तरुणाने एका छोट्या पुस्तकात मूळ मुद्दा सांगून ठेवला होता: गुन्हेगाराला अडवते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. गेल्या पन्नास वर्षांतल्या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासांचा कलही पुन्हा पुन्हा तिकडेच झुकलेला आहे.

खात्रीने काय घडतं हे बघायला ऑस्ट्रेलियात जाऊ. न्यू साउथ वेल्स राज्यात दारू पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा आधीपासून होताच. डिसेंबर १९८२मध्ये पोलिसांनी रस्त्यात कुठेही, कुणालाही, कसलाही संशय नसताना थांबवून श्वास तपासायला सुरुवात केली आणि त्याची जोरदार जाहिरात केली. रस्त्यावरचे मृत्यू झपाट्याने खाली आले. ‘आज आपल्याला धरतील’ हे प्रत्येकाला पटलं, एवढ्यावर काम झालं.

हे रुळांवर का होत नाही? ठाण्याहून कल्याणपर्यंत रुळांच्या कडेने नजर टाकत गेलात तर कारण दिसेल. भिंत असते. भिंतीला भगदाड असतं. भगदाडातून येणारी पायवाट इतकी मळलेली असते की तिच्यावर गवत उगवत नाही, आणि ती थेट खडीवर येऊन पलीकडे पुन्हा सुरू होते. रेल्वे भगदाड बुजवते, ते शेजारी पुन्हा पडतं. या बाजूला घर, त्या बाजूला रिक्षास्टँड, बाजार, शाळा. पूल आहे, पण वळसा घालून, जिना चढून, उतरून. प्रत्येक भगदाडापाशी दिवसरात्र शिपाई उभा करता येत नाही. म्हणजे पकडलं जाण्याची शक्यता नगण्य.

आणि मरण्याची? तीही, एका खेपेपुरती, नगण्यच! खरी गोम इथे आहे. रोज दोनदा रूळ ओलांडणारा माणूस वर्षाला सातशेहून अधिक वेळा सुखरूप पलीकडे जातो. प्रत्येक खेपेला मेंदू एकच धडा पक्का करतो: काही होत नाही. पाटीवर लिहिलेलं एक, आणि स्वतःच्या पायांनी सातशे वेळा सिद्ध केलेलं दुसरं. माणूस कोणावर विश्वास ठेवेल? मधेच गाडी अगदी जवळून गेली तर तोही अनुभव ‘आपल्याला जमतं’ याच खात्यात जमा होतो. या शाळेत चूक करणारा धडा शिकून परत येत नाही.

म्हणून वडाळ्यात जे घडलं ते मला फार मौजेचं वाटतं. २००९च्या अखेरीस फायनलमाइल या मुंबईतल्या छोट्या कंपनीने मध्य रेल्वेसोबत वडाळ्याजवळच्या पट्ट्यात एक प्रयोग मांडला. दंड नाही, शिपाई नाही, भिंत नाही. त्यांनी तीनच गोष्टी केल्या.

पहिली, काही अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगवले. कशासाठी? वर सांगितलेला डोळ्याचा घोटाळा आठवा. एकसारख्या करड्या खडीवर येणारी गाडी किती जमीन गिळतेय हे मोजायला डोळ्याकडे खूणच नसते. पिवळे पट्टे आले की गाडी एकेक पट्टा झाकत पुढे येताना दिसते आणि वेग एकदम उघडा पडतो. चार डबे रंग, आणि लीबोवित्झच्या भ्रमाला तडा!

दुसरी गोष्ट शिट्टीची. मोटरमन एक लांबलचक भोंगा देतो. लांब आवाज गोंगाटात विरघळतो, कान त्याला सरावतो. त्यांनी सुचवलं की दोन तुटक भोंगे द्या. मधल्या शांततेमुळे दुसरा आवाज मेंदूला नव्याने दचकवतो. शिट्टी कुठे वाजवायची याच्याही पाट्या ओलांडण्याच्या जागेच्या आधी बसवल्या.

तिसरी, फोटो. रूळ ओलांडणाऱ्या माणसाचं चित्र आणि त्यावर लाल फुली, असली पाटी आपण आयुष्यभर बघत आलो आहोत, म्हणजेच बघत नाही. त्यांनी तिथे एका नटाचे तीन मोठे फोटो लावले. गाडी अंगावर येतेय, तो ओरडतोय, डोळे फाटलेले. माणसाचा मेंदू दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती शब्दांच्या आधी वाचतो. ती वाचायला मराठी यायला नको, हिंदी नको, साक्षरताही नको.

त्या पट्ट्यातले मृत्यू वर्षभरात साधारण चाळीसवरून दहावर आल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. एका जागेचा, एका वर्षाचा हा आकडा. आकडे असेही वरखाली होतात, आणि ज्या वर्षी फार वाईट घडलं त्याच्या पुढच्या वर्षी काही न करताही जरा बरं घडतं, हे ध्यानात ठेवून तो वाचायला हवा. शिवाय रंग उडतो, फोटोवर धूळ बसते. तरीसुद्धा! कायद्याच्या एका अक्षराला हात न लावता, पिवळ्या रंगाने कलम १४७चं काम केलं. असं काही असू शकतं हेच मुळात किती विलक्षण आहे.

आता रुळांवरून टपावर चढू. मुंबईच्या लोकलच्या टपावरून लोक वर्षानुवर्षं प्रवास करत. कलम १५६ होतंच. आज टपावर कुणी क्वचितच दिसतं. काय बदललं?

त्याआधी जकार्ताची हकीकत ऐका, कारण ती थेट आपल्या घरची वाटते. तिथल्या रेल्वेने टपावरच्या लोकांना उतरवायला काटेरी तारा लावून पाहिल्या, रंगाचे फवारे मारले, कुत्री आणली. जमेना. जानेवारी २०१२मध्ये त्यांनी रुळांच्या वर आडव्या चौकटीतून काँक्रीटचे गोळे टांगले, प्रत्येक गोळा तीनेक किलोचा. म्हणजे टपावर बसाल तर कपाळमोक्ष! लोक वाकले, गोळ्याखालून गेले, पुन्हा बसले. पुढच्या दीडेक वर्षात तिकीटव्यवस्था बदलली, दारं बंद होणाऱ्या वातानुकूलित गाड्या वाढल्या, जुन्या उघड्या गाड्या निघाल्या, आणि टपावरची गर्दी ओसरली. गोळ्यांना न जमलेलं काम दारांनी आणि फेऱ्यांनी केलं.

आपल्याकडे काम झालं ते तारेमुळे. १९२५पासून मुंबईची लोकल १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर धावत होती. ही तारही जीवघेणीच, पण तिला शिवलं नाही तर माणूस वाचायचा, आणि टपावरच्यांनी तिच्यापासून वाकून राहायचं तंत्र बसवलं होतं. मग टप्प्याटप्प्याने तारेत २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर हे काम २०१५मध्ये सीएसएमटीपर्यंत पोचलं. एवढ्या दाबाला स्पर्शाची वाट बघावी लागत नाही. हात पुरेसा जवळ आला की हवाच वाहक बनते आणि ठिणगी झेप घेते. म्हणून अशा तारेपासून किमान दोन मीटर दूर राहायला सांगतात. हे सगळं केलं कशासाठी? जास्त वीज, लांब गाड्या, कमी गळती यांसाठी. टपावरच्यांना उतरवणं हा हेतूच नव्हता. पण बेक्कारियाने सांगितलेली खात्री या तारेत शंभर टक्के होती. तिला साक्षीदार लागत नाही, ती तारीख पुढे ढकलत नाही.

मला ही तारेची शिस्त आवडत नाही. जुन्या सवयीने टपावर चढलेल्या पोरांना तिने जी शिक्षा दिली ती कुठल्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. आणि टपावरची माणसं खाली उतरली ती गेली कुठे? दारात. लोखंडाने माणसाला अडवता येतं हे खरं, पण अडवायचं की वाचवायचं, हे लोखंड घडवणाऱ्याला आधी ठरवावं लागतं.

ते कसं ठरवतात? याचं मला माहीत असलेलं सर्वात सुंदर उदाहरण रेल्वेच्याच पोटात आहे, आणि तुम्ही रोज त्याच्यावर बसून येता-जाता.

१२ जून १८८९. आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ शाळकरी मुलांची सहलीची गाडी चढावर दमली. कर्मचाऱ्यांनी ठरवलं की गाडी मधून तोडू, पुढचे डबे आधी वर नेऊ. मागचे डबे गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांखाली लावलेल्या दगडांवर उभे राहिले. गाडीला ब्रेक होता, पण तो इंजिनाला जोडलेला असेपर्यंतच काम करणारा. डबे सुटले, उतारावरून मागे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जीव गेले, त्यात मुलं पुष्कळ. स्वयंचलित ब्रेक तेव्हा अस्तित्वात होता. सरकारी निरीक्षक वर्षानुवर्षं तो बसवा म्हणून सांगत होते. कंपन्या खर्चाचं कारण पुढे करत होत्या. त्या अपघातानंतर ब्रिटिश संसदेने अडीच महिन्यांत कायदा केला: प्रवासी गाडीला स्वयंचलित ब्रेक सक्तीचा.

आता हा ब्रेक काय करतो ते बघा, कारण ही युक्ती डोकं चक्रावणारी आहे. आपल्याला वाटतं, हवेचा दाब दिला की ब्रेक लागतो. उलटं आहे! गाडीभर एक नळी असते आणि तिच्यातला हवेचा दाब ब्रेक लागू न देता सोडवून धरतो. नळी फुटली, डबा तुटला, जोड निसटला, काहीही बिघडलं, की दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. थांबणं ही गाडीची मूळ अवस्था, आणि पुढे जायला मात्र सगळं ठीक असावं लागतं. बिघाडालाच पहारेकरी करून टाकलं आहे.

मोटरमनच्या केबिनमध्ये हेच तत्त्व पुढे गेलेलं दिसतं. गाडी चालवताना त्याला एक हँडल दाबून धरावं लागतं. त्याला चक्कर आली, हात सुटला, की वीज तुटते आणि ब्रेक लागतो. लाल सिग्नल चुकून ओलांडला तर मुंबईच्या उपनगरी मार्गांवर बसवलेली यंत्रणा गाडीला स्वतःच ब्रेक लावते.

आता दोन माणसं शेजारी उभी करा. एक मोटरमन: निवडलेला, शिकवलेला, डोळे तपासलेला, नियम तोंडपाठ असलेला. रेल्वे त्याच्या सावधपणावर एकट्यावर कधीच विसंबत नाही. तो चुकणार हे गृहीत धरून तिने त्याच्याभोवती लोखंडाचे तीन थर उभे केले आहेत. दुसरा दिव्याचा किंवा कोपरचा प्रवासी: न शिकवलेला, घाईत, हातात पिशवी, कानात फोन. त्याच्यासाठी काय आहे? एक पाटी आणि हजार रुपयांचा दंड. प्रशिक्षित माणसासाठी यंत्रणा, अप्रशिक्षितासाठी उपदेश! रेल्वेने यमराजाच्या वेशातला माणूसही उभा करून पाहिला आहे, पश्चिम रेल्वेवर, २०१९ साली. फोटो छान आले.

कडक कायद्याने जीव वाचतात का, या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन माणसांच्या मधल्या फटीत आहे. आर्माचा कायदा कडकच होता. पण तो सहलीच्या मुलांशी बोलला नाही. ज्याच्या हातात ब्रेक बसवणं होतं त्याच्याशी बोलला.

याच नजरेने मुंब्र्याकडे बघू. ९ जून २०२५, सोमवार, सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या, एक कसाऱ्याकडे, एक सीएसएमटीकडे. दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. चौघे त्याच दिवशी गेले. मृतांमध्ये लोहमार्ग पोलीस दलातला एक शिपाईही होता. ज्यांनी कायदा राबवायचा त्यांनाही त्याच गाड्यांनी, त्याच गर्दीतून कामावर जावं लागतं.

वळणावरच का? इथे भूमिती चकित करते. रूळ वळतो, पण डबा वळत नाही. तो वीसेक मीटरचा सरळ ठोकळा आहे. त्यामुळे वळणावर आतल्या रुळावरच्या डब्याची टोकं बाहेर डोकावतात आणि बाहेरच्या रुळावरच्या डब्याचा मधला भाग आत सरकतो. दोघं काही सेंटिमीटर एकमेकांकडे येतात. रेल्वे ही जागा हिशेबात धरते. पण तो हिशेब डब्यांचा असतो. बाहेर लोंबणारा माणूस आणि त्याच्या पाठीवरची बॅग त्या आकृतीत नसते. त्यात २०२२मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून, पूर्वी पारसिक बोगद्यातून सरळ जाणाऱ्या जलद लोकल मुंब्र्याच्या या वळणावरून जाऊ लागल्या.

दारात माणूस लटकतो तरी कशाला? गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात. ही अतिशयोक्ती नाही, रेल्वेचे नियोजक अशा गर्दीला चक्क स्वतंत्र नाव देतात: सुपर डेन्स क्रश लोड. घरातल्या फरशीवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा आणि चौदा माणसं उभी करून दाखवा. डोंबिवलीला ही गाडी येते तेव्हा कलम १५६ पाळायचं म्हणजे तिच्यात न चढणं, इतकंच उरतं.

कायद्याचं दुसरं पान तर याहून गमतीचं. त्याच रेल्वे कायद्यात १९९४ला घातलेलं कलम १२४-अ आहे. चालत्या गाडीतून अपघाताने पडलेल्याला रेल्वेने भरपाई द्यायची, चूक कोणाची हे न विचारता. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये हे कलम उदार मनानेच वाचायला हवं असं सांगितलं. म्हणजे पायरीवर उभा असेपर्यंत तुम्ही गुन्हेगार, आणि पडलात की दावेदार! कायद्याला दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत. माणसाने तिथे उभं राहू नये हे, आणि त्याला दुसरी जागा नाही हेही.

मुंब्र्याच्या अपघातानंतर लगेच रेल्वेने जाहीर केलं की मुंबईच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील. अशा गाड्या ठाणेकरांना नव्या नाहीत. मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकल जानेवारी २०२०मध्ये ठाण्याच्याच ट्रान्सहार्बर मार्गावर सुरू झाली. त्या दारांतली युक्ती आर्माच्या ब्रेकचीच सख्खी बहीण आहे: सगळी दारं लागल्याचा संकेत मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही.

पण साध्या डब्यात दारं बंद केली की आतली माणसं गुदमरतील. म्हणून दारांना झडपांसारख्या फटी, टपावरून बाहेरची हवा आत ढकलणारे पंखे, आणि गर्दी पांगावी म्हणून डब्यातून डब्यात जाणारी वाट, असा नवा आराखडा पुढे आला. एक हिशेब मात्र दार लावून लपत नाही. दार उघडायला आणि मिटायला काही सेकंद लागतात. डोंबिवलीला गाडी थांबतेच अर्धा मिनिटभर. प्रत्येक स्टेशनावर थोडा थोडा वेळ वाढला की तासाला गाड्या कमी होतात, गाड्या कमी झाल्या की गर्दी वाढते, आणि गर्दी वाढली की दार लागत नाही. म्हणजे दार नुसतं बसवून चालणार नाही. त्याच्यासोबत फेऱ्या, सिग्नल, मार्गिका असं सगळं ओढून आणावं लागतं. दंडाचा आकडा वाढवायला राजपत्रातली एक ओळ पुरते. एक दार नीट लागायला अख्खी रेल्वे हलवावी लागते. त्यामुळे पहिल्या गोष्टीची भाषा वारंवार होते आणि दुसरी पुढे पुढे जाते.

ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण इथून तुम्ही निवडून दिलेल्या माणसाने यापुढे ‘कडक कारवाई’ असा शब्द उच्चारला, तर त्याला एवढंच विचारा: कुणावर? भगदाडातून येणाऱ्यावर, की जिथे पायवाट पडली आहे नेमका तिथेच पूल बांधायचं ज्याच्या सहीवर अडलंय त्याच्यावर? मुदत कोणाला घातली आहे, प्रवाशाला की कंत्राटाला?

आणि तोवर पुलावरून जा. लोकल संथ दिसते हा भ्रम आहे, हे आता तुम्हाला ठाऊक झालं, पण ठाऊक असल्याने तो नाहीसा होत नाही. तुमच्या डोळ्यालाही ती तेवढीच संथ दिसणार आहे.